विचारू नका, जेवा!

पॅरिसला जाऊन आयफेल टॉवर बघण्यात आता काही विशेष राहिलेलं नाही. चिमटीत टॉवरचं टोक धरलेला फोटो सोसायटीतल्या निम्म्या घरांत आहे. तुम्हाला खरोखर काही वेगळं करून दाखवायचं असेल, तर एका संध्याकाळी मिशेलिनचे तारे मिरवणाऱ्या एखाद्या रेस्टॉरंटात जेवून या. त्यासाठी एकच नियम पाळायचा: कुणाला काहीही विचारायचं नाही. विचारलं की आपल्याला माहीत नव्हतं हे उघड होतं, आणि परदेशात माहीत नसण्याइतकी नामुष्की दुसरी नाही. ती टाळण्यासाठी दोन-चारशे युरो गेले तर गेले.

या ताऱ्यांमागची गोष्ट मात्र जाण्यापूर्वी समजून घ्या, म्हणजे आदर वाढेल. मिशेलिन ही टायरची कंपनी. 1900 साली तिच्या मालक बंधूंनी मोटारवाल्यांसाठी एक फुकट पुस्तिका काढली. लोकांनी लांब लांब हिंडावं, टायर झिजावेत आणि नवे घ्यावेत, असा साधा सरळ हेतू होता. तीतून चांगल्या जेवणाबद्दल हॉटेलांना तारे द्यायला 1926 मध्ये सुरुवात झाली. पुढे ताऱ्यांचे अर्थही ठरले: दोन तारे म्हणजे वाट वाकडी करून जावं, तीन म्हणजे मुद्दाम प्रवास करून जावं. तुम्ही तर मुंबईहून मुद्दाम आला आहात. विमानाची चाकं सोडली तर एकही टायर झिजवलेला नाही, पण त्याची भरपाई बिलात होईल.

रेस्टॉरंटच्या दारात मेनू लावलेला असतो, किमतींसकट. फ्रान्समध्ये तो तसा बाहेर लावावाच लागतो. तिकडे बघायचंसुद्धा नाही. रस्त्यात उभं राहून भाव वाचणं तुमच्यासारख्यांना शोभत नाही. शिवाय वाचलंत तर लक्षात येईल, की त्याच स्वयंपाकघरातलं, त्याच शेफच्या हाताखालचं दुपारचं जेवण रात्रीच्या मानाने बरंच स्वस्त आहे. मग तुम्ही दुपारीच जाल, आणि दुपारच्या उन्हात काढलेल्या फोटोला कोण विचारतो? रात्रीच जा. तीन ताऱ्यांच्या ठिकाणी रात्रीचा लांबलचक टेस्टिंग मेनू, म्हणजे शेफने ठरवलेल्या छोट्या छोट्या पदार्थांची रांग, माणशी चारशे युरोंच्या घरात सहज जातो. युरो हल्ली शंभरीच्या आसपास असल्याने हिशेब अगदी सोपा झाला आहे, पुढे दोन शून्यं लावायची. तीही लावू नका.

टेबल महिनाभर आधी राखून ठेवताना ते विचारतील, काही खात नाही असं आहे का? उत्तर देऊ नका. तेव्हा सांगितलंत तर स्वयंपाकघर तयारी करून ठेवेल आणि तुम्हाला धड जेवायला मिळेल. पॅरिसच्या ‘लार्पेज’मध्ये आलँ पासार या शेफने तीन तारे हाताशी असताना 2001 मध्ये तांबडं मांस बंद केलं आणि बीट, कांदा, गाजर यांना मानाच्या पानावर बसवलं, तरी तारे तिन्ही टिकले. असल्या माहितीच्या वाटेला जायचं नाही. थेट जाऊन बसायचं, पहिलं ताट पुढे आलं की दचकून म्हणायचं, “वी आर व्हेज. अँड टुडे इज संकष्टी.” मग शेफ धावपळ करून जे काही आणेल ते हुंगायचं आणि रश्श्यात वासराच्या हाडांचा अर्क नसेल ना, अशा संशयाने बाजूला सारायचं. शेवटी चीजची गाडी आली की मात्र सगळा संशय सोडून सहा प्रकार वाढून घ्यायचे. फ्रान्समधली बहुतेक नामांकित चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात, हे त्या वेळी कुणी सांगू लागलं तर ऐकू नका. चतुर्थीला दूध चालतं.

बसल्या बसल्या पहिला प्रश्न पाण्याचा येतो. साधं की बुडबुड्यांचं? दोन्ही बाटलीतलंच असतं आणि दोन्हीचे पैसे पडतात. तिसरं उत्तर आहे, “युन काराफ दो, सिल वू प्ले”, म्हणजे नळाच्या पाण्याचा जग. तो फुकट असतो. जेवणाबरोबरचा ब्रेड आणि साधं पाणी यांचे वेगळे पैसे लावायचे नाहीत असा तिथला सरकारी आदेश 1967 सालचा आहे. पण नळाचं पाणी आपण घरी पितोच की. बाटलीच सांगा, आणि ती संपत आली की वेटर न विचारता दुसरी उघडेल, त्यालाही अडवू नका.

आता मेनू कार्ड. जुन्या वळणाच्या काही रेस्टॉरंटांत अजून एक सुंदर प्रथा टिकून आहे: यजमानाच्या कार्डावर किमती असतात, पाहुण्यांच्या कार्डावर नसतात. यजमान कोण, हे वेटर स्वतःच ठरवतो आणि बहुधा मिशी बघून ठरवतो. त्यामुळे सौभाग्यवतींच्या हातात किमती नसलेलं कार्ड येतं. लग्नाला तीस वर्षं झाली, पण त्यांनी आजवर एवढ्या मोकळ्या मनाने काही मागवलेलं तुम्ही पाहिलेलं नसेल. ज्या बाईने स्विस चॉकलेटचा भाव बघून “घरी डबाभर वड्या होतील एवढ्यात” म्हणून ते परत ठेवलं, ती इथे शांतपणे ट्रफलवर, म्हणजे जमिनीखाली उगवणाऱ्या महागड्या अळंबीवर, बोट ठेवते. “अहो, हे घेऊ या का? छोटंसंच दिसतंय.” तुमच्या कार्डावर त्या छोट्याशा वस्तूपुढे तीन आकडी संख्या आहे. हसायचं. “घे ना, त्यात काय!” घसा कोरडा पडला तर पाण्याची दुसरी बाटली आहेच.

पदार्थात इतिहासही हवा असेल तर पॅरिसमध्येच सीन नदीकाठच्या ‘ला तूर दार्जां’ या रेस्टॉरंटमध्ये जाऊन बदक मागवा. तिथल्या प्रत्येक बदकाला 1890 पासून क्रमांक दिला जातो आणि त्या क्रमांकाचं कार्ड गिऱ्हाइकाला मिळतं. 2003 मध्येच दहा लाखांचा आकडा ओलांडला. बदकाचा सांगाडा चांदीच्या यंत्रात दाबून जो रस निघतो त्याची ग्रेव्ही करतात. शिधापत्रिकेवरच्या नंबरासाठी आपण जन्मभर रांगा लावल्या. इथे मेलेल्या बदकाचाही नंबर लागतो, आणि तो जपून घरी आणता येतो.

वाइनवाला येऊन पेल्यात घोटभर ओततो आणि थांबतो. वाइन बुचामुळे नासलेली नाही ना, एवढंच त्याला विचारायचं असतं. तुम्हाला आवडली का, हा प्रश्नच नसतो. तरीही पेला गरगर फिरवा, छताकडे बघा, डोळे मिटा. पूर्ण अर्धा मिनिट घ्या, शेजारच्या टेबलालाही कळू द्या. यादीतल्या एखाद्या परवडणाऱ्या किमतीवर बोट ठेवून “साधारण असं काहीतरी” म्हटलं, तर तो न बोलता समजतो आणि त्याच भावात चांगली बाटली काढून देतो. पण मग तुमचं बजेट त्याला कळेल. एका अनोळखी फ्रेंच माणसाला आपलं बजेट कळावं, यापेक्षा ते संपलेलं बरं.

एक अफवा मात्र खरी मानाच: तिथे ताटात काही नसतं. त्यामुळे निघण्यापूर्वी हॉटेलच्या खोलीत बरोबर आणलेले मेथीचे ठेपले, लसणाची चटणी आणि भडंग यांचं भक्कम जेवण करून घ्या. मग तोंडात टाकायच्या इवल्या पदार्थांपासून सुरुवात होईल, ब्रेड आणि लोणी अखंड येत राहील आणि मुख्य पदार्थ येईपर्यंत तुमच्या पँटचं बटण निघालेलं असेल. उरलेलं ताट परत गेलं की वेटर काळजीने विचारेल, आवडलं नाही का? पंगतीत आग्रह टाळायची आपल्याला सवय आहे, पण न वाढता नुसतं काळजीने बघणारा वाढपी आपण पाहिलेला नाही. दोन घास आणखी घ्याल. घ्यावेच लागतात.

रात्रीचे साडेअकरा वाजले तरी बिल येत नाही. मागितल्याशिवाय बिल आणून ठेवणं म्हणजे पाहुण्याला उठवणं, असं ते समजतात. तुम्ही मागणार नाही, कारण मागणं म्हणजे पैशाबद्दल बोलणं. शेवटी खुर्च्या आवरल्या जाऊ लागल्या की दोघांनी हातांनी हवेत सही करून दाखवा.

बिलात सेवेचे पैसे धरलेलेच असतात. फ्रान्समध्ये छापील किमतीतच ते येतात, टीप ऐच्छिक आणि जुजबी. तरीही वीस टक्के ठेवा. 2022 मध्ये आपल्याकडे सर्व्हिस चार्जची सक्ती करू नये अशा सूचना निघाल्या, तेव्हा डेक्कनवरच्या हॉटेलात मॅनेजरला बोलावून कलमं वाचून दाखवणारे तुम्हीच होतात. तो बाणेदारपणा इथे नको. तिथे मॅनेजर मराठी होता.

कार्डाचं मशीन शेवटचं विचारतं: युरो की रुपये? युरो म्हटलं तर बँकेचा दर लागतो, रुपये म्हटलं तर मशीनवाल्याचा, आणि तो बहुधा महागच पडतो. रुपये निवडा. सबंध संध्याकाळीत एवढं एकच अक्षर ओळखीचं भेटलंय. पावती न बघता घडी करून खिशात घाला, आणि टॅक्सीत सौभाग्यवतींनी “किती झाले हो?” विचारलंच, तर सांगा, “तुझ्या कार्डावर होते का लिहिलेले?”