पाच हजार रुपये किंवा दहा दिवस

‘दंड न भरल्यास दहा दिवस साधा कारावास.’ हे वाक्य न्यायालयात रोज कानावर पडते, आणि नाशिकमध्ये वकिली करताना मलाही ते कित्येक वर्षे आदेशाच्या शेवटी येणारी ठरावीक ओळ एवढेच वाटत होते.

गेल्या ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत पेठ तालुक्यातला एक तरुण मजूर माझ्याकडे आला. दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत त्याची टोळी कामाला होती. बोटांवर छाटलेल्या वेलींना लावायच्या पेस्टचा गुलाबी डाग तसाच होता आणि हातात पाच हजार रुपये दंड भरल्याची पावती होती. विनापरवाना मोटारसायकल चालवल्याबद्दल त्याच्या थोरल्या भावाला जिल्ह्यातल्या एका न्यायालयात हा दंड झाला होता. भावाने गुन्हा कबूल केला, पण त्याच्या खिशात सहाशे रुपये होते, म्हणून संध्याकाळी त्याची रवानगी कारागृहात झाली. चार दिवस गेल्यावर धाकट्याने मुकादमाकडून उचल घेऊन पूर्ण रक्कम भरली, तेव्हा तो सुटला. धाकट्याला माझ्याकडून एवढेच हवे होते, की आता भावाचा परवाना कसा काढायचा ते मी सांगावे.

मी पावतीवरची तारीख पाहिली आणि मनातल्या मनात हिशेब केला. पाच हजारांना दहा दिवस, म्हणजे दिवसाला पाचशे रुपये. भारतीय न्याय संहितेच्या कलम ८ मध्ये स्पष्ट म्हटले आहे, की दंडाचा काही भाग भरला आणि भोगलेली कैद न भरलेल्या भागाच्या प्रमाणात पुरेशी झाली असेल, तर तिथेच सुटका झाली पाहिजे. ही तरतूद नवीही नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेत ती होतीच. चार दिवसांचे दोन हजार त्या माणसाने आत बसून फेडले होते, त्यामुळे तीन हजार भरून काम भागले असते. ते त्या दोघांना कोणीही सांगितले नाही.

मुळात त्याला आत जाण्याचीच गरज नव्हती. शिक्षा केवळ दंडाची असेल आणि पैसे जागेवर भरता येत नसतील, तर न्यायालय जातमुचलका घेऊन आरोपीला सोडू शकते आणि दंड भरण्यासाठी तीस दिवसांपर्यंत मुदत किंवा दोन-तीन हप्ते देऊ शकते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४६४ मध्ये हे आहे. मात्र ही सवलत देणे न्यायालयाच्या मर्जीवर आहे, ती सहसा मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि मागायची असते हे ज्याला माहीत असते त्याच्याकडे बहुधा वकील असतो आणि पैसेही असतात.

सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली शांतीलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात सांगितले, की दंड न भरल्याबद्दलची कैद ही मूळ गुन्ह्याची शिक्षा नव्हे, ती पैसे न भरल्याबद्दल सोसावी लागणारी वेगळी गोष्ट आहे. त्या आरोपीची एक लाख रुपयांच्या दंडापोटीची तीन वर्षांची कैद न्यायालयाने सहा महिन्यांवर आणली. मग ज्याने पैसे दडवले आणि ज्याच्याकडे ते नाहीतच, त्या दोघांना एकच ओळ वाचून दाखवणे कितपत योग्य आहे? मोटारीतून आलेला माणूस तेच पाच हजार मोबाईलवरून भरून जेवणाच्या सुट्टीआधी घरी जातो. साडेचारशे रुपये रोजावर काम करणाऱ्यासाठी ती अकरा दिवसांची मजुरी आहे, आणि तो आत गेला की हंगामातला रोजही बुडतो.

सूट दिली तर दंड कोणी भरणारच नाही, असे माझे काही सहकारी म्हणतात. त्यांची शंका मी हलकी मानत नाही. पण ऐपत असून टाळणाऱ्याच्या मालमत्तेवर वसुलीचे वॉरंट काढण्याचा अधिकार कायद्याने न्यायालयाला दिलेला आहे. फिनलंडमध्ये १९२१ पासून अनेक गुन्ह्यांचा दंड माणसाच्या रोजच्या उत्पन्नावरून ठरतो. आपल्याकडे तेवढा बदल होईल तेव्हा होवो. आज न्यायाधीशांनी दंड सुनावण्याआधी ‘रोज किती मिळतो, घरी खाणारे किती, पैसे केव्हापर्यंत आणू शकाल’ एवढे विचारून उत्तर नोंदवून घ्यावे, यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.

केंद्र सरकारने २०२३ मध्ये गरीब कैद्यांसाठी योजना आणली, तिच्यातून दंडापोटी पंचवीस हजार रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. योजना चांगली आहे आणि मोठ्या दंडासाठी वर्षानुवर्षे अडकलेल्यांना तिचा खरा उपयोग आहे. पण तिचा निर्णय जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, कारागृह अधीक्षक, न्यायाधीश आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांच्या समितीने घ्यायचा आहे. दहा दिवसांच्या कैद्याचा कागद तिथपर्यंत पोहोचेपर्यंत तो सुटून बागेत परत गेलेला असतो.

म्हणून ज्या न्यायालयात दंड सुनावला जातो, तिथेच, रोख रक्कम घेण्याच्या खिडकीशेजारी, मुदत मागता येते, हप्ते मागता येतात आणि भोगलेल्या दिवसांचे पैसे वजा होतात, हे मराठीत ठळक अक्षरांत लिहिलेले असावे. कारागृहाच्या दारावरही तोच फलक हवा आणि दर दिवसाचा हिशेब कैद्याच्या नातेवाइकांना लेखी मिळायला हवा. वकील मित्रांनी यासाठी आपापल्या बार असोसिएशनमध्ये ठराव मांडावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मी माझा मसुदा लिहायला घेतला आहे.

परवान्याचा अर्ज मी त्या मुलाला समजावून सांगितला. जास्तीच्या दोन हजारांबद्दल सांगितले, तेव्हा तो बराच वेळ पावतीकडे पाहत राहिला आणि म्हणाला, ‘मॅडम, ही उचल एप्रिलच्या छाटणीपर्यंत फिटेल बहुतेक.’