तिकिटातले अठरा रुपये

गोव्यात एखाद्या सिनेमावरून वाद पेटला की एक वाक्य हमखास कानावर येतं: "करमणुकीत राजकारण कशाला?" फोंड्याच्या हॉटेलात चहाबरोबर येतं, म्हापशाच्या बाजारात येतं, मराठी दैनिकांच्या वाचकपत्रांत तर येतंच. लिस्बनमधून हे वाद वाचताना वाटतं, सगळी भांडणं पडद्याकडे तोंड करून चालली आहेत आणि तिकीटखिडकीकडे पाठ आहे.

करमुक्तीचंच बघा. मार्च 2022 मध्ये 'द काश्मीर फाइल्स' आणि फेब्रुवारी 2025 मध्ये 'छावा' गोवा सरकारनं करमुक्त जाहीर केले. मथळे असे की तिकीट जणू फुकटच झालं. आता हिशेब मांडू. तिकिटाची मूळ किंमत 200 रुपये धरली, तर त्यावर 18 टक्के जीएसटी 36 रुपये, एकूण 236. त्यातला निम्मा कर केंद्राचा. तो राज्याला सोडताच येत नाही. राज्याच्या हातात फक्त स्वतःचे 9 टक्के, म्हणजे 18 रुपये. 236 चं तिकीट 218 ला पडतं, आणि वाचलेले 18 रुपये मध्यंतरातल्या पाण्याच्या बाटलीत जातात! महाराष्ट्रात 'छावा'साठी हीच मागणी झाली, तेव्हा मुख्यमंत्र्यांनी करमणूक कर 2017 मध्येच रद्द झाल्याची आठवण करून दिली होती. बचत किरकोळ आहे, पण राज्याचा प्रमुख एका चित्रपटाचं नाव घेऊन तो बघा म्हणतो, ही जाहिरात किरकोळ नाही. तिचा खर्च तिजोरीतून होतो. हा चित्रपट का आणि तो का नाही, याचा निकष मात्र तिकीट काढणाऱ्याला कुठे वाचायला मिळत नाही.

दुसरी जागा महोत्सवाची. इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, 2004 पासून गोव्यात आहे. 2022 च्या समारोपात परीक्षक मंडळाचे अध्यक्ष नादाव लापिद यांनी 'काश्मीर फाइल्स'ला प्रचारकी म्हटलं आणि आठवडाभर चर्चा फक्त त्यांच्या शब्दांची झाली. पाहुण्यानं असं बोलावं का, यावर रकानेच्या रकाने भरले. मला 2017 ची गोष्ट जास्त गंभीर वाटते. त्या वर्षी परीक्षकांनी रवी जाधव यांचा मराठी 'न्यूड' इंडियन पॅनोरमा या भारतीय चित्रपटांच्या विभागाच्या उद्घाटनासाठी निवडला होता. त्याच्यासोबत मल्याळम 'एस दुर्गा'ही यादीत होता. माहिती व प्रसारण मंत्रालयानं दोन्ही वगळले. परीक्षकांचे प्रमुख सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला. केरळ उच्च न्यायालयानं 'एस दुर्गा' दाखवायला सांगितलं, तरी तो पणजीत दिसला नाही. परीक्षकांची निवड अंतिम की सल्ल्यापुरती, हा खरा साधा प्रश्न होता. त्या प्रश्नाबद्दल आपल्याकडे किती जण भांडले? मराठी चित्रपट मराठी वाचणाऱ्या गोव्यात, उद्घाटनाच्या जागेवरून निघून गेला आणि आपण त्यातल्या नग्नतेवर बोलत बसलो.

'करमणूक निर्मळ ठेवा' हे पोर्तुगालनं करून बघितलेलं आहे, आणि गोव्यानंही त्याची चव डिसेंबर 1961 पर्यंत घेतली. हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत सेन्सॉरची निळी पेन्सिल होती. गोव्यातल्या मराठी वर्तमानपत्रांचा मजकूरही छापण्याआधी तपासून घ्यावा लागे. लिस्बनमध्ये पार्क मायेर नावाचा नाटकघरांचा परिसर 1922 पासून आहे. तिथे 'रेव्हिश्ता' चाले: गाणी, नाच, छोटे प्रवेश आणि राज्यकर्त्यांची टवाळी. संहिता आधी तपासली जायची, नंतर सेन्सॉरचा माणूस तालमीला येऊन बसायचा. नटांनी त्यावर उपाय काढला. शब्द तोच ठेवायचा, पण तालमीत सपाट म्हणायचा आणि प्रयोगात त्याच जागी भुवई उडवून थांबायचं. कागदावर काहीच सापडत नसे. तियात्राचा, म्हणजे गोव्यातल्या कोकणी संगीत नाटकाचा, प्रेक्षक हे एका क्षणात ओळखेल. दोन प्रवेशांच्या मधे पडदा पडतो, बँडचा ट्रम्पेट वाजतो, गायक एकटा पुढे येतो आणि कथानकाशी काडीचा संबंध नसलेलं कांतार, म्हणजे गाणं, सुरू होतं. पहिल्या कडव्यात रस्त्यांचे खड्डे, दुसऱ्यात पक्षांतर, आणि तिसऱ्याला टाळ्या इतक्या की ते पुन्हा म्हणावं लागतं.

निर्मळ गाण्याचंही काय होतं, ते 24 एप्रिल 1974 च्या रात्री दिसलं. युरोव्हिजन स्पर्धेत अडीच आठवड्यांपूर्वी विभागून शेवटच्या क्रमांकावर आलेलं पोर्तुगालचं एक विरहगीत रात्री 10 वाजून 55 मिनिटांनी रेडिओवर लागलं. ती हुकूमशाहीविरुद्ध उठणाऱ्या सैनिकांना तयारीची खूण होती. ते निवडलं ते त्यात राजकारणाचा लवलेश नव्हता म्हणूनच. संशय आला नसता.

हुकूमशाही कोसळल्यानंतरच्या पोर्तुगालनं नियम आशयावरून उचलून माणसावर आणि वेळेवर ठेवले. टीव्ही-रेडिओवर पैसे मोजून राजकीय जाहिरात करता येत नाही. निवडणुकीत पक्षांना ठरलेली मोफत वेळ मिळते. सार्वजनिक वाहिनी आरटीपीचा आधार म्हणजे घरांच्या दरमहाच्या वीजबिलातले 2.85 युरो आणि वर 6 टक्के कर. विनोदवीर खुशाल थट्टा करतात. 2009 च्या निवडणुकीत तेव्हाचे पंतप्रधान जुझे सॉक्रातिश स्वतः विनोदी कार्यक्रमाच्या खुर्चीत येऊन बसले होते.

पण इथेही भोक आहे, आणि ते मोठं आहे. कायदा म्हणतो, नियमित भाष्यकार उमेदवार झाला तर यादी दाखल झाल्यापासून मतदान संपेपर्यंत वाहिनीनं त्याचा सहभाग थांबवावा. त्याच्या आधीची वर्षं मोकळी. आंद्रे व्हेंतुरा हे नाव घराघरांत पोचलं ते फुटबॉलच्या वादांच्या कार्यक्रमातून, बेन्फिका क्लबचे कैवारी म्हणून. 2019 मध्ये त्यांनी 'शेगा' हा कडवा उजवा पक्ष काढला. त्या वर्षी 1 जागा, 2022 ला 12, 2024 ला 50 आणि मे 2025 मध्ये 230 पैकी 60. कुठल्याही सेन्सॉरला फुटबॉलच्या गप्पांत आक्षेपार्ह काय सापडणार होतं?

अमेरिकेत घड्याळ लावतात: एका उमेदवाराला वाहिनीवर वेळ मिळाला, तर दुसऱ्यालाही तेवढाच. नोव्हेंबर 2024 मध्ये कमला हॅरिस एका विनोदी कार्यक्रमात थोडा वेळ दिसल्या, तर वाहिनीनं दुसऱ्याच दिवशी खेळांच्या प्रक्षेपणात ट्रम्प यांना वेळ दिला. सप्टेंबर 2025 मध्ये मात्र प्रसारण नियामकाच्या प्रमुखानं जाहीर इशारा दिला आणि विनोदवीर जिमी किमेलचा कार्यक्रम काही दिवस बंद राहिला. घड्याळाचा नियम तिथे उपयोगाचा नव्हता, कारण दबाव आला तो वाहिन्यांच्या परवान्यावरून.

आपल्याकडचा परवाना म्हणजे सेन्सॉर प्रमाणपत्र. तपास समितीनंतर पुनरीक्षण समिती, आणि त्यापुढे पूर्वी अपिलाचं न्यायाधिकरण होतं. ते 2021 मध्ये रद्द झालं. गोव्याच्या निर्मात्याला आता थेट उच्च न्यायालयाचं पर्वरीचं खंडपीठ. वकिलाची फी आणि हुकलेली प्रदर्शनाची तारीख, यांचा हिशेब केल्यावर छोटा निर्माता कात्री मान्य करतो. बंदीची गरजच पडत नाही.

नाटकाचं तर त्याहून साधं. कला अकादमी, रवींद्र भवनं, फोंड्याचं कलामंदिर ही सरकारी सभागृहं. नाटकमंडळी जगतात ती तारखांवर. शनिवार-रविवारची तारीख गेली की महिना गेला. म्हणून अर्ज कोणत्या दिवशी आला, तारीख कुणाला दिली, कुणाची रद्द झाली आणि कोणत्या कारणानं, एवढे चार रकाने सभागृहाच्या दारावरच्या फळ्यावर लिहायला लावा. खडूनं लिहिले तरी चालतील.