हेलियम, विजयदुर्ग आणि तीस वर्षांची गल्लत

ऑगस्ट लागला की आमच्या इंदूरच्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. यंदा रामबागेतल्या एका काकांनी टाकला, वर 'अभिमानाने पुढे पाठवा' आहेच. म्हणणं असं : १८ ऑगस्ट १८६८ ला इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी विजयदुर्गावरून सूर्यग्रहण पाहून हेलियम शोधला, किल्ल्यावरचे 'साहेबाचे ओटे' हा पुरावा, विश्वातला सगळा हेलियम ताऱ्यांनी बनवला, आणि सूर्याचा हेलियम उन्हासोबत येतो, तोच आपण फुग्यांत भरतो.

काका, ग्रहणाची तारीख तेवढी बरोबर आहे.

लॉकियर त्या दिवशी इंग्लंडात होते. वॉर ऑफिसात कारकुनी करायची आणि उरल्या वेळात सूर्य न्याहाळायचा, असा माणूस. ग्रहण पूर्ण दिसणारी खग्रास पट्टी जमखिंडी, विजापूर करत गुंटूरकडे गेली. (आपल्या मुलखाचा अभिमानच हवा तर पटवर्धनांचं जमखिंडी घ्या, तिथे युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेल यांचे नातू निरीक्षणाला होते.) गुंटूरला फ्रान्सचे खगोलशास्त्रज्ञ जान्सेन होते. सूर्याच्या कडेच्या ज्वाळांच्या वर्णपटात (प्रकाश फोडला की दिसणाऱ्या रंगपट्टीत) त्यांना इतक्या ठळक रेषा दिसल्या की दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्यांनी त्या पुन्हा पाहिल्या. लॉकियरना हेच जमलं २० ऑक्टोबरला, तेही लंडनमधून. त्यांतली पिवळी रेषा सोडियमच्या जोडरेषेला लागून होती, पण ओळखीच्या कुठल्याच मूलद्रव्याशी ती जुळेना. हे नवंच मूलद्रव्य असावं, हा तर्क मात्र लॉकियरचा, त्याचं श्रेय त्यांचंच. पृथ्वीवर हेलियम हाती लागला १८९५ मध्ये, रसायनशास्त्रज्ञ रॅम्झींना, युरेनियमच्या खनिजातून.

मग ओटे? लॉकियर विजयदुर्गला आले होते खरे, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. हेलियमचं बारसं तोवर कधीच उरकलं होतं. ओटे कुणीही बांधलेले असोत, १८६८ च्या शोधाचा पुरावा ते होत नाहीत.

ताऱ्यांचं म्हणाल तर सूर्य दर सेकंदाला साधारण ६० कोटी टन हायड्रोजन जाळून हेलियम करतो. आकडा ऐकून छाती दडपते, पण विश्वाच्या हिशेबात ही भर किरकोळच. महास्फोटानंतरच्या पहिल्या काही मिनिटांतच साध्या द्रव्याच्या वस्तुमानाचा जवळजवळ चौथा हिस्सा हेलियम झाला होता. तारे तेव्हा कुठले? ते उजळायला पुढे कोट्यवधी वर्षं जायची होती. सूर्य जन्मला तोच पोटात चतुर्थांशाहून जास्त हेलियम घेऊन.

राहिले फुगे. हेलियम इतका हलका की वातावरणातून अवकाशात निसटतो. हवेच्या दहा लाख भागांत तो जेमतेम पाच भाग आहे. सिलिंडरमधला येतो जमिनीखालून. खडकांतलं युरेनियम आणि थोरियम क्षय पावताना अल्फा कण फेकतात. अल्फा कण म्हणजे हेलियमचं अणुकेंद्रच. दोन इलेक्ट्रॉन मिळाले की झाला हेलियम. तो नैसर्गिक वायूसोबत साठून राहतो आणि विहिरींतून निघतो. जत्रेतल्या स्वस्त गॅसच्या फुग्यात तर बऱ्याचदा हेलियम नसतोच, चटकन पेटणारा हायड्रोजन असतो. अनंत चतुर्दशीच्या झांक्यांना (मिरवणुकीतल्या देखाव्यांना) नातवाला तसला फुगा घेतलात, तर उदबत्ती आणि फटाक्यांपासून लांब ठेवा.