क्लेबर्नला मुजरा घालण्याआधी

सकाळी चहा ठेवला, फोन उघडला, तर आपल्यातल्याच एकाचा टेनेसी राज्यातल्या फ्रँकलिनहून सेल्फी. कार्नटन हाउसचा व्हरांडा, आणि खाली ओळ : गुलामांना सोडा म्हणणारा दक्षिणेचा मर्द गडी जनरल पॅट्रिक क्लेबर्न, मानाचा मुजरा! चहा उतू गेला.

मुजरा? अरे, कोणाला घालतोयस, काही वाचलंस का?

गडी मर्द होता, वाद नाही. आयर्लंडमधल्या कॉर्कचा. औषधविक्याच्या परीक्षेत नापास झाला, घरी तोंड दाखवायची लाज वाटली म्हणून ब्रिटिश पायदळात शिपाई झाला. 1849 मध्ये अमेरिकेत, मग आर्कान्सामधल्या हेलेना गावी. आधी औषधांचं दुकान, नंतर वकिली. एकही गुलाम बाळगला नाही. अमेरिकेचं यादवी युद्ध पेटलं, उत्तर विरुद्ध गुलामी टिकवू पाहणारं दक्षिण, तेव्हा गावासोबत दक्षिणेच्या बाजूने उभा राहिला, कारण काय, तर या लोकांनी मला आपलं मानलं.

इथेच मला टोचतं. मी अमेरिकेत नवीन आलो होतो तेव्हा शेजाऱ्याने बार्बेक्यूला बोलावलं. त्याच आठवड्यात आमच्या रस्त्यावरचं घर एक काळं कुटुंब बघून गेलं होतं. त्यावरून तो काहीतरी बोलला. सगळे हसले. मीही हसलो. हातात कागदी प्लेट, तिच्यात कणीस.

आता तो 'गुलामांना सोडा' कागद. 2 जानेवारी 1864, जॉर्जियातलं डाल्टन. क्लेबर्नने आपल्या सैन्याच्या जनरलांसमोर वाचून दाखवला : गुलामांना स्वातंत्र्य द्या, हातात बंदूक द्या, लढवा. का? तर गोरे शिपाई संपत आले होते! ज्यांना अडीचशे वर्षं राबवलं त्यांनीच आता मरायचं, तेही मालकांचा देश वाचवायला. याला तुम्ही मुक्ती म्हणता? बरं, त्या बैठकीत एवढं बोलायलाही छाती लागत होती, मान्य. काही जनरल तर भडकलेच. दक्षिणेचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिसने प्रकरण दाबायला सांगितलं. क्लेबर्नला डिव्हिजनच्या, म्हणजे काही हजार शिपायांच्या तुकडीच्या, वर कायमची बढती कधी मिळाली नाही. ज्यांनी आपलं मानलं, त्यांनीच.

30 नोव्हेंबर 1864. फ्रँकलिनची लढाई. दोन घोडे गेले, तर हा पायी निघाला, टोपी हातात उंच धरून. वय 36. दुसऱ्या दिवशी प्रेत त्याच व्हरांड्यावर, सेल्फीतल्या. लग्न ठरलेली सुझन तिकडे अलाबामातल्या मोबाइल शहरात बागेत होती, पेपरवाल्या पोराची आरोळी ऐकून तिला कळलं म्हणतात.

लिहिता लिहिता राग उतरतोय, आणि ते मला आवडत नाहीये.

शेजारी वाईट नव्हता हो. आमच्याकडे बाळंतपण झालं तेव्हा त्याच्या बायकोने आठवडाभर जेवण आणून दिलं. त्या दिवशी हसली नाही ती फक्त माझी बायको. घरी चालत येताना म्हणाली, "आपल्यामागे आपल्याबद्दल काय बोलत असतील रे?"

मी म्हटलं, "आपल्याला बोलावलं ना त्यांनी?"