हॅलोविन, ड्रुइड आणि पुराव्यांचा प्रश्न

ऑक्टोबर संपत आला की एक मजकूर समाजमाध्यमांवर फिरू लागतो. त्यानुसार ३१ ऑक्टोबरचा हॅलोविन हा दोन हजार वर्षांपूर्वीचा केल्टिक, म्हणजे आयर्लंड-ब्रिटनसारख्या प्रदेशांतल्या प्राचीन केल्ट लोकांचा, सण आहे. साउइन नावाच्या मृत्युदेवतेसाठी ड्रुइड पुरोहित घरोघरी बळी मागत, देणाऱ्याच्या दारात कोरलेला भोपळा ठेवत, आणि हा सण बुजवण्यासाठीच चर्चने सर्व संतांचा सण १ नोव्हेंबरला आणला.

साउइन हा सण खरोखर होता, देवता मात्र नव्हती. मध्ययुगीन आयरिश कथांत साउइन म्हणजे हिवाळ्याचा प्रारंभ; तेव्हा सभा भरत, मेजवान्या होत आणि परलोकाची दारे उघडतात असे मानले जाई. मृत्युदेवतेची कल्पना पसरवली ती अठराव्या शतकातील चार्ल्स व्हॅलन्सी या लष्करी अधिकाऱ्याने.

ड्रुइडांनी स्वतःविषयी काहीही लिहून ठेवलेले नाही. रोमन सेनापती सीझरने त्यांच्या नरबळींचे वर्णन केले ते गॉलविषयी, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्सविषयी, तेही आक्रमकाच्या नजरेतून, आणि त्यात दारोदार फिरण्याचा उल्लेखही नाही. भोपळा तर मुळात अमेरिका खंडातला. आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये कोरत ते सलगम, आणि त्याचे पुरावेही अलीकडच्या शतकांतले आहेत.

तारखेचा मुद्दा सर्वांत पटण्याजोगा वाटतो, म्हणून तो नीट तपासला पाहिजे. इसवी सन ८०० च्या सुमारास १ नोव्हेंबरचा सण पाळला जात होता तो इंग्लंडमध्ये आणि जर्मन प्रदेशांत. ८३५ मध्ये सम्राट लुई द पायस याने तो आपल्या साम्राज्यात लागू केला. इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी दाखवून दिल्याप्रमाणे, त्याच सुमारास आयर्लंडचे चर्च मात्र सर्व संतांचा सण २० एप्रिलला पाळत होते. साउइन बुजवण्यासाठी ही तारीख निवडली असती, तर जिथे साउइन साजरा होई तिथूनच सुरुवात व्हायला हवी होती.

दारोदार मागण्याच्या प्रथेबाबत हा मजकूर मला सर्वांत अन्यायकारक वाटतो, कारण तिचे खरे मूळ त्यातून पुसले जाते. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये या दिवसांत गोरगरीब घरोघरी जाऊन ‘सोल केक’ नावाचे छोटे केक मागत आणि बदल्यात त्या घरच्या मृतांसाठी प्रार्थना करत. सोळाव्या शतकातील प्रोटेस्टंट धर्मसुधारणेनंतरही इंग्लंडच्या चेशर, श्रॉपशर या भागांत ही रीत टिकली. स्कॉटलंडमध्ये मुले वेष पालटून फिरत. या चालीरीती एकोणिसाव्या शतकातील आयरिश आणि स्कॉटिश स्थलांतरितांनी उत्तर अमेरिकेत नेल्या, आणि दारोदार खाऊ मागताना मुले म्हणतात ते ‘ट्रिक ऑर ट्रीट’ हे शब्द तर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कॅनडाच्या वर्तमानपत्रांत दिसू लागले.