‘इन्स्टा कोण बघतंय?’ म्हणणाऱ्यांना सोलापुरातून उत्तर

सोलापुरातल्या खेळाडूंच्या आणि पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: ‘पोरगं मैदानावर काय करतं तेवढंच बघतात, इन्स्टावर काय टाकतं ते कुणी बघत नाही. डिलीट केलं की विषय संपला. अकाउंट प्रायव्हेट असेल तर काळजीच नको. ही लफडी मोठ्या स्टार लोकांची, आपल्या पोरांचा काय संबंध? उलट वाद झाला की फॉलोअर्स वाढतात, पैसे मिळतात.’ खाली हात जोडलेले आणि ‘प्रत्येक पालकापर्यंत पोहोचवा’.

आता एकेक मुद्दा बघू.

‘निवड फक्त कामगिरीवर होते.’ हे अर्धं खरं आहे. शालेय स्पर्धेत शंभर मीटर जिंकणाऱ्या पोराला त्याचं इन्स्टा बघून कुणी विभागाला पाठवायचं थांबत नाही. तिथं घड्याळ बोलतं. कुस्तीत चीतपट केलं की केलं. सांघिक खेळात मात्र शेवटच्या दोन जागांसाठी चार पोरं सारख्याच तोलाची असतात, आणि तेव्हा ‘पोरगं कसंय?’ हा प्रश्न हमखास निघतो. आणि सोलापूर असं केवढं मोठं? पार्क मैदानावर सकाळी नेट लावणारे, पंच, शाळांचे क्रीडाशिक्षक, निवडीला बसणारे, सगळे एकमेकांच्या ग्रुपवर आहेत. पंचाच्या आईवरून टाकलेली स्टोरी रात्री जेवणं उरकायच्या आत त्या पंचाच्या मोबाईलवर पोहोचलेली असते. यादीत नाव का नाही, हे मग कुणी सांगत नाही.

जानेवारी २०२३ ची महाराष्ट्र केसरी आठवा. मंगळवेढ्याकडचा महेंद्र गायकवाड आणि मोहोळचा सिकंदर शेख, दोघेही आपल्याच जिल्ह्याचे. त्यांच्या कुस्तीत दिलेल्या गुणांवरून कितीतरी दिवस फेसबुक पेटलं होतं. पंचाला फोनवरून धमकी आल्याचं प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं. तेव्हा पंचांना शिव्या घालणाऱ्यांमध्ये प्रोफाइलला लंगोटातला फोटो लावलेली पोरं कमी नव्हती. त्या कुस्तीत हरलेल्या सिकंदरने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गदा मिळवून विषय मिटवला. या पोरांच्या कॉमेंट तिथेच राहिल्या, आणि पुढच्या हंगामात शिट्टी त्याच पंचांच्या तोंडात होती.

‘डिलीट केलं की संपलं.’ इंग्लंडचा ऑली रॉबिन्सन हा वेगवान गोलंदाज. जून २०२१ मध्ये लॉर्ड्सवर न्यूझीलंडविरुद्ध पहिली कसोटी खेळला, सामन्यात सात बळी घेतले. पण पहिल्याच दिवशी त्याची २०१२-१३ मधली वर्णद्वेषी आणि बायकांबद्दलची गलिच्छ ट्वीट कुणीतरी बाहेर काढली. ट्वीट टाकली तेव्हा तो अठरा-एकोणीस वर्षांचा होता, कसोटी खेळला तेव्हा सत्तावीसचा. सामना संपताच निलंबन झालं आणि पुढची कसोटी हुकली. नंतर आठ सामन्यांची बंदी, त्यातले पाच स्थगित, वर दंड. निलंबन जरा जास्तच झालं असं ब्रिटनच्या पंतप्रधानांच्या गोटातूनही म्हटलं गेलं, मलाही तसंच वाटतं. पण माझ्या वाटण्यावर संघ निवडला जात नाही. आठ-नऊ वर्षांपूर्वीची ट्वीट तो विसरला असेल, शोधणारा विसरला नव्हता.

‘प्रायव्हेट आहे.’ २०१७ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने प्रवेश मिळालेल्या किमान दहा मुलांचे प्रवेश रद्द केले. कारण होतं फेसबुकवरच्या खाजगी ग्रुपमधले घाणेरडे मीम. हार्वर्ड लांब राहिलं. तुमच्या पोराच्या ‘क्लोज फ्रेंड्स’मधल्या वीस जणांपैकी एकाशी दिवाळीपर्यंत त्याचं भांडण होणारच, आणि स्क्रीनशॉट त्याच्याकडे असणार.

‘हे मोठ्या स्टार लोकांचं.’ मला खरा राग आहे तो या ओळीचा. स्टार सावरतो. रॉबिन्सन सावरला, पुढेही कसोटी खेळला. आपल्या तालमीतल्या, खो-खोच्या, कबड्डीच्या पोरांचं खरं स्वप्न काय असतं? राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. पोलीस भरती आहे, रेल्वे आहे, सोरेगावला राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक दहा तर रोज डोळ्यांसमोर दिसतो. ही वर्दी मिळवायला सगळी धडपड. मैदानी झालं, लेखी झालं, खेळाचं प्रमाणपत्र पडताळून आलं, की पुढे असते चारित्र्य पडताळणी. तिथं फॉलोअर्स विचारत नाहीत, गुन्हा दाखल आहे का ते विचारतात.

आणि गुन्हा कशाने दाखल होतो? ‘भाईचा बड्डे’ची रील आठवा. रात्री बारा वाजता चौकात बुलेट उभी, सीटवर तीन केक ओळीने, ज्याचा वाढदिवस त्याच्या हातात तलवार, मागे मोठ्ठ्या आवाजात डायलॉग, बाजूला स्पर्धेचा ट्रॅकसूट घातलेले चार मित्र. त्या जॅकेटवर पाठीमागे जिल्ह्याचं नाव छापलेलं! ही रील म्हणजे पोलिसांना घरपोच पुरावा. शस्त्र कायद्याखाली असे गुन्हे महाराष्ट्रात सर्रास दाखल होतात. धार्मिक भावना भडकवणाऱ्या स्टेटसचंही तेच. जून २०२३ मध्ये कोल्हापूर पेटलं ते काही पोरांच्या स्टेटसवरूनच.

अठराच्या आतल्या मुलाला बाल न्याय कायद्याचं संरक्षण आहे. अशा प्रकरणाचा डाग पुढे नोकरीआड येऊ नये अशी त्यात तरतूद आहे. पण अठरानंतर, भरतीचे फॉर्म भरतात त्या वयात, गुन्हा झाला तर त्याला ते संरक्षण मिळत नाही. मग काहीजण सल्ला देतात, ‘फॉर्ममध्ये गुन्ह्याचं लिहूच नको.’ हा सल्ला तर सगळ्यात घातक. अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितलंय की माहिती लपवली तर नेमणूक रद्द होऊ शकते. तरुण वयात घोषणाबाजी केली अशा किरकोळ गोष्टींकडे दुर्लक्ष करायची मुभा नोकरी देणाऱ्याला त्याच निकालात आहे. पण मुभा त्याची असते, आपल्या पोराची नाही.

(जाता जाता: हा मजकूर पुढे ढकलणारे काही पालक घरातल्या खेळाडू मुलीचा मोबाईल मात्र काढून घेतात. तिनं जिंकलेल्या पदकाचा फोटो टाकला तरी यांना धाकधूक, आणि पोरानं तलवार मिरवली तरी ‘वय आहे त्याचं’.)

‘वाद झाला की फॉलोअर्स वाढतात, पैसे मिळतात.’ वाढतात, खोटं कशाला बोला. प्रश्न एवढाच की पैसे देतं कोण? दहा-वीस हजार फॉलोअर्सवाल्या पोराला पहिला मेसेज बुटाच्या कंपनीचा येत नाही, पैसे लावून खेळायच्या अॅपचा येतो. ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने अशा खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घातली. जाहिरात केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाखांपर्यंत दंड. त्यात क्रिकेटवाल्या पोराला सट्टेवाल्याचा मेसेज आला आणि त्यानं गप्प राहायचं ठरवलं तर वेगळंच झेंगट. शकिब अल हसन हा बांगलादेशचा कर्णधार होता. ऑक्टोबर २०१९ मध्ये त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली, त्यातलं एक वर्ष स्थगित. त्यानं सामना विकला नव्हता. व्हॉट्सअॅपवर आलेल्या मेसेजची तक्रार केली नाही, एवढ्यावर ही शिक्षा झाली.