वारा कोणी कापायचा?

जुलै उजाडला आणि टूर द फ्रान्स ही फ्रान्समधली तीन आठवड्यांची सायकल शर्यत सुरू झाली की धुळ्यातल्या आमच्या सायकल ग्रुपमध्ये हमखास दोन तट पडतात, एक तादेय पोगाचारचा आणि दुसरा योनास विंगेगोरचा. रात्री नऊच्या सुमारास त्या दिवसाचा टप्पा संपतो, तेव्हापासून झोपेपर्यंत मोबाइलवर वाद चालतो आणि पहाटे राइडला निघताना तो तिथूनच पुढे सुरू होतो. वाद व्हावेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण हे वाद फिरून फिरून एकाच मुक्कामाला येतात, की अमका खेळाडू मनाने मोठा आणि तमका आतल्या गाठीचा. ही शर्यत इतकी वर्षे पाहून आणि स्वतः रस्त्यावर सायकल चालवून माझे मत वेगळे बनले आहे, ते आज सविस्तर मांडतो. रस्त्यावरच्या सायकल शर्यतीत दोन विजेत्यांमध्ये जे वैर धुमसते त्याला स्वभावाचे जळण लागते हे खरे. पण ठिणगी बहुतेक वेळा एकाच जागी पडते. कोणी कोणासाठी वारा कापला, आणि ज्याच्यासाठी कापला त्याने ते ऋण मानले की नाही, ही ती जागा.

ज्यांनी लांब पल्ल्याची सायकल कधी चालवलेली नाही त्यांना हे पटायला थोडे जड जाईल. आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर पश्चिमेचा वारा सुटतो. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या राहिलेल्या नाहीत. धुळ्याहून सुरत रस्त्याने कुसुंब्याकडे निघाले की हा वारा थेट छातीवर येतो. सपाट रस्त्यावर वेग वाढला की सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा ढकलण्यातच खर्च होते, आणि पुढच्याच्या चाकामागे हातभर अंतर राखून चालवणाऱ्याचे पाव ते एक तृतीयांश श्रम वाचतात. म्हणून रांगेत पुढे राहण्याची पाळी बदलत राहते. पुढचा दमला की तो कोपर किंचित बाहेर हलवतो, बाजूला सरतो, आणि मागच्याने पुढे यायचे असते. बोलायला दम उरलेला नसतो, त्यामुळे सगळा करार त्या कोपरातच असतो.

दोन वर्षांपूर्वी जूनमधल्या एका रविवारी आम्ही चौघे याच रस्त्यावर होतो. आमच्यातला सर्वांत ताकदवान आणि वयाने सर्वांत लहान भाऊ त्या दिवशी एकदाही पुढे आला नाही. मी कोपर हलवला की तो पाणी प्यायला लागायचा. कुसुंबा जवळ आल्यावर शेवटच्या अर्ध्या किलोमीटरला तो आम्हा तिघांच्या बाजूने सुसाट निघून गेला आणि चहाच्या टपरीवर आमची वाट पाहत उभा राहिला, प्रसन्न चेहऱ्याने. मला त्या चेहऱ्याचा इतका राग आला की पुढचे चार महिने मी त्याच्याशी धड बोललो नाही. पुढे दिवाळीत त्याच्याकडून कळले की तो कधी ग्रुपमध्ये चालवलेलाच नव्हता. पुढे जाऊन वारा कापायचा असतो हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. त्याच्या लेखी ती शर्यत होती आणि तो ती जिंकला होता. चार महिने मी ज्याला त्याचा स्वभाव समजत होतो, तो न झालेल्या बोलण्याचा परिणाम होता.

आमची जमीन पांझरेच्या काठी, फडात आहे. फड पद्धत खान्देशाबाहेरच्या मित्रांना फारशी माहीत नसते, म्हणून थोडक्यात सांगतो. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटावर शेताचे मोठे भाग म्हणजे फड, आणि पाणी कोणाला कधी मिळेल हे ठरवून देणारा पाटकरी. ही व्यवस्था काही शतके टिकली, कारण पाणी देणारा माणूस ठरलेला होता आणि पाळी आधी ठरलेली होती. आमचे आजोबा सांगायचे की सख्ख्या भावांची तोंडे एकमेकांकडे नसली तरी फडात पाणी वेळेवर फिरायचे. दोन घरांत कोर्टकचेरी झाली ती फडाबाहेरच्या सामाईक विहिरीवरून, जिथे पाळी तोंडी होती आणि ज्याला जशी आठवली तशी होती. सायकल शर्यतीतली मोठी वैरे आठवतो तेव्हा मला ती विहीरच आठवते.

बर्नार इनो आणि ग्रेग लेमाँड यांची गोष्ट घ्या. 1985 साली दोघे एकाच संघात, ला व्ही क्लेअर या संघात होते. इनो टूरमधल्या पाचव्या विजयाच्या वाटेवर होता; सेंट एतिएनला पडून त्याचे नाक मोडले होते आणि पिरेनीज पर्वतात तो मागे पडू लागला. लुझ आर्दिदेनच्या चढावर तरुण लेमाँड पुढच्या गटात होता, पायांत ताकद होती, आणि संघाच्या गाडीतून त्याला सांगण्यात आले की जोर लावू नकोस, इनो थोडाच मागे आहे. प्रत्यक्षात इनो सांगितल्यापेक्षा बराच मागे होता. लेमाँडने ऐकले. इनोने टूर जिंकली, लेमाँड 1 मिनिट 42 सेकंदांनी दुसरा आला, आणि इनोने सर्वांसमोर सांगितले की पुढच्या वर्षी मी ग्रेगसाठी राबेन.

पुढचे वर्ष आले. 1986 च्या टूरमध्ये पो शहराकडे जाणाऱ्या टप्प्यावर इनोने पेद्रो देल्गादोला सोबत घेऊन हल्ला चढवला, म्हणजे अचानक वेग वाढवून तो पुढे सुटला, आणि लेमाँडवर साडेचार मिनिटांहून अधिक आघाडी घेतली. दुसऱ्या दिवशी एकूण आघाडीवर असलेल्याची पिवळी जर्सी अंगावर असतानाही तो पुन्हा सुटला, तूरमालेच्या उतारावर. सुपरबान्येरच्या चढावर त्याचे पाय गेले आणि लेमाँडने तो टप्पा जिंकून बहुतेक सगळी तूट भरून काढली. त्यानंतरही इनोचे म्हणणे हेच, की मी प्रतिस्पर्ध्यांना दमवत होतो, ग्रेगसाठीच करत होतो. आल्प दुएझला दोघे हातात हात घालून रेषेपर्यंत आले, लेमाँडने टप्पा त्याला दिला, छायाचित्रात दोघे हसताना दिसतात. शेवटी लेमाँड 3 मिनिटे 10 सेकंदांनी जिंकला आणि टूर जिंकणारा पहिला अमेरिकन ठरला. पण त्या तीन आठवड्यांत आपलाच संघ आपल्यावर उलटेल या धास्तीत तो जगला, हे त्याने नंतर अनेकदा सांगितले आहे.

इनोला ‘ब्लेरो’ म्हणत, म्हणजे बिजू. कोंडीत सापडला की चावा घेणारा प्राणी. त्याचे चाहते म्हणतात, तो असाच होता, त्याच्याकडून काय अपेक्षा करणार. हे मला मान्य नाही. तो झुंजार होता याबद्दल आदर आहे, पण 1985 मध्ये त्याने लेमाँडचे पाय उसने घेतले आणि 1986 मध्ये परतफेडीची तारीख आली तेव्हा हिशेबाची वही बदलली. माझ्या मते चूक त्याची आहेच. पण त्याहून मोठी चूक त्या गाडीत बसलेल्यांची आहे, ज्यांनी एका वर्षी एकाला खोटे अंतर सांगितले आणि दुसऱ्या वर्षी पाळी कोणाची हे ठामपणे सांगितलेच नाही. पाटकऱ्याने डोळे मिटले की भावाभावांत कुऱ्हाडी निघतात.

1987 च्या जिरोमध्ये, म्हणजे इटलीतल्या टूरसारख्याच शर्यतीत, स्टीफन रोश आणि रोबेर्तो विझेंतिनी या एकाच संघातल्या दोघांचे असेच झाले. सापादाच्या वाटेवर रोशने आघाडीच्या गुलाबी जर्सीतल्या आपल्याच सहकाऱ्यावर हल्ला केला, इटालियन प्रेक्षक त्याच्यावर थुंकले, आणि संघातला एकटा एडी स्केपर्स त्याच्या बाजूने उभा राहिला. रोशचे म्हणणे असे, की मी जिरोत मदत करायची आणि विझेंतिनीने टूरमध्ये, अशी अपेक्षा होती आणि विझेंतिनी तर टूरला यायलाच तयार नव्हता. पुन्हा तीच सामाईक विहीर. रोशने त्या वर्षी जिरो, टूर आणि जागतिक विजेतेपद तिन्ही जिंकले, म्हणून इतिहासाने त्याला माफ केले. विझेंतिनीची बाजू आज कोणी फारशी मांडत नाही, याचे मला वाईट वाटते.

आता गिनो बार्ताली आणि फाउस्तो कोप्पी. त्यांच्याबद्दल लिहिताना सगळे एक धार्मिक आणि एक आधुनिक, एक जुना इटली आणि एक नवा, असे चित्र रंगवतात. ते चुकीचे नाही, पण सुरुवात तिथे झाली नाही. 1940 च्या जिरोमध्ये बार्ताली लेन्यानो संघाचा प्रमुख होता आणि वीस वर्षांचा कोप्पी त्याच्या मदतीला घेतलेला पोरगा. बार्ताली पडला, वेळ गमावला, आणि शर्यत कोप्पीच्या हाती आली. त्यानंतर डोंगरात बार्तालीने याच पोराला धीर देत, ओढत शेवटपर्यंत नेले. पाच वर्षांनी मोठ्या माणसाने लहानासाठी वारा कापला, आणि पुढची बारा वर्षे दोघांनाही ते विसरता आले नाही. 1948 साली व्हाल्केनबर्गच्या जागतिक स्पर्धेत दोघे इटलीकडूनच खेळत होते. दुसरा जिंकू नये म्हणून दोघे एकमेकांवर पहारा देत राहिले आणि शेवटी दोघांनीही शर्यत सोडली. इटलीच्या महासंघाने दोघांनाही निलंबित केले.

मला मात्र त्यांचे पुढचे वर्ष जास्त महत्त्वाचे वाटते. 1949 च्या टूरमध्ये आल्फ्रेदो बिंदा हा इटलीच्या संघाचा व्यवस्थापक होता. स्वतः मोठा विजेता असलेल्या या माणसाने दोघांकडून आधी कबुली घेतली आणि मगच संघ नेला. 18 जुलैला ब्रियाँसोंच्या टप्प्यावर बार्तालीचा पस्तिसावा वाढदिवस होता; दोघे सगळ्यांना मागे टाकून सोबत आले आणि कोप्पीने टप्पा त्याला दिला. दुसऱ्या दिवशी आओस्ताच्या वाटेवर बार्ताली अडचणीत आला, कोप्पी थांबला, आणि बिंदाने परवानगी दिल्यावरच पुढे गेला. कोप्पी पहिला, बार्ताली दुसरा. स्वभाव तेच होते, वर्षभरापूर्वीचे. फक्त पाटकरी हजर होता.

यावर आमच्या ग्रुपमधले आबा नेहमी जाक आंकतील आणि रेमों पुलिदोर यांचे उदाहरण पुढे करतात. टूरमध्ये ते दोघे कधी एका संघात नव्हते, एकाचे दुसऱ्यावर ऋण नव्हते, तरी अर्धा फ्रान्स एकीकडे आणि अर्धा दुसरीकडे होता. आबांचा मुद्दा खरा आहे आणि तो मी नाकारत नाही. पुलिदोर कुळाने शेती करणाऱ्या घरातला, कष्टाळू, साधा. आंकतील मोजून मापून जिंकणारा, पाच टूरचा विजेता, लोकांना थंड वाटणारा. 12 जुलै 1964 रोजी प्युई द दोमच्या चढावर दोघे खांद्याला खांदा, कोपराला कोपर भिडवून चढले. आंकतीलची ताकद संपली होती, पण तो मागे सरला नाही. शेजारी राहिला, जणू काही झालेच नाही. पुलिदोरने ते खरे मानले आणि हल्ला उशिरा केला. आंकतीलने पिवळी जर्सी 14 सेकंदांनी राखली आणि पॅरिसमध्ये 55 सेकंदांनी टूर जिंकली. पुलिदोर तीनदा दुसरा, पाचदा तिसरा आला आणि आयुष्यात एक दिवसही पिवळी जर्सी घालू शकला नाही. ती घातली त्याच्या नातवाने, मॅथ्यू फान डेर पूलने, 2021 मध्ये, आजोबा गेल्यानंतर सुमारे दीड वर्षाने.

पण आबा, याच जोडीकडे माझ्या बाजूने पाहा. हे वैर उघडे होते, दोन वेगळ्या जर्स्यांमधले होते, कोणी कोणाला फसवले असे कोणालाच म्हणता येत नव्हते. म्हणूनच खेळणे थांबल्यावर दोघे मित्र झाले. इनो आणि लेमाँड यांच्याबाबतीत असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पोगाचार आणि विंगेगोर यांच्याकडे मी याच नजरेने पाहतो. 2020 आणि 2021 ची टूर पोगाचारची, 2022 आणि 2023 विंगेगोरची, 2024 आणि 2025 पुन्हा पोगाचारची. मासळीच्या लिलावात काम केलेला, डेन्मार्कचा अबोल विंगेगोर आणि हसत हसत हल्ले करणारा स्लोव्हेनियाचा पोगाचार. स्वभाव याहून वेगळे असू शकत नाहीत. तरी 2022 मध्ये स्पांदेलच्या उतारावर पोगाचार खडीवर घसरून पडला तेव्हा पिवळ्या जर्सीतला विंगेगोर हळू झाला, पोगाचार येईपर्यंत थांबला, आणि दोघांनी चालत्या सायकलींवर हात मिळवले. त्याच दिवशी ओताकामच्या चढावर विंगेगोरने त्याला मिनिटाहून अधिक फरकाने मागे टाकले. थांबला म्हणून तो कमी झुंजला नाही. ज्यांना या हात मिळवण्यात नाटक दिसते त्यांना मी एवढेच विचारतो, की पडलेल्या माणसाला मागे टाकून आलेली आघाडी तुम्ही विजय म्हणून घरी सांगाल का?

आणि याच विंगेगोरच्या संघात 2023 च्या व्हुएल्टामध्ये, म्हणजे स्पेनमधल्या तशाच शर्यतीत, काय झाले तेही सांगितले पाहिजे, नाहीतर मी त्याच्याच तटातला ठरेन. सेप कुसने त्या वर्षी जिरोत प्रिमोझ रोग्लिचसाठी आणि टूरमध्ये विंगेगोरसाठी वारा कापला होता. व्हुएल्टात आघाडीची लाल जर्सी त्याच्या अंगावर होती आणि आंगलिरूच्या चढावर हे दोघे त्याला मागे सोडून निघून गेले. दिवस संपला तेव्हा कुसची आघाडी फक्त 8 सेकंद उरली होती. मी तो चढ पाहताना मोबाइल बंद करून ठेवला, इतका संताप आला. मात्र त्यानंतर संघाने स्पष्ट ठरवले, पुढच्या टप्प्यांवर दोघे कुससाठी राबले, आणि कुस 17 सेकंदांनी जिंकला. ठरवायला उशीर झाला, पण ठरवले.

आम्हीही आता निघण्याआधी ठरवतो. बारापत्थर चौकात सगळे जमले की कोण किती वेळ पुढे राहणार, कोणाचे गुडघे दुखत आहेत, शेवटी स्प्रिंट करायचा की सोबत पोहोचायचे, एवढे बोलणे होते आणि मगच पेडल मारले जाते. मागच्या रविवारी वारा फार होता. तोच धाकटा भाऊ पुढे होता, बराच वेळ पुढे होता, आणि मी त्याच्या चाकामागे मान खाली घालून होतो. कुसुंब्याच्या अलीकडे त्याने उजवे कोपर हलवले आणि मी पुढे गेलो.